पोटखराबा

आमच्या सातबाऱ्यावर एका कोपऱ्यात ‘पोटखराब, वर्ग अ’ असं लिहिलेलं आहे. वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य. त्यावर आकारणी नाही. तिथे काही पिकत नाही, म्हणून सरकारही काही मागत नाही, असा रोखठोक हिशेब. लहानपणी मला पोटखराब हे जमिनीच्या दुखण्याचं नाव वाटायचं. हिचं पोट बिघडलंय, हिला जास्त खाल्लेलं सोसत नाही, असं काहीतरी. पुढे शब्दाचा खरा अर्थ कळला आणि माझं मला हसू आलं. आता चाळिशी उलटल्यावर पुन्हा वाटायला लागलंय, की तलाठ्यापेक्षा मीच जवळ होते.

हा पोटखराबा म्हणजे आमचा सडा. अंगणात घालतात तो नव्हे, प्राजक्ताचा पडतो तोही नव्हे. राजापूर तालुक्यातलं आमचं गाव वहाळाच्या काठाने माडापोफळीत दडलेलं. तिथून घाटी चढून वर आलं की छप्पर उडाल्यासारखं आभाळ उघडतं आणि पायाखाली नजर पोचेल तिथवर सपाट काळा कातळ. मे महिन्यात भर दुपारी त्यावर अनवाणी उभं राहायची आम्हा भावंडांची पैज लागायची. दहा आकडे पुरे होईपर्यंत कुणी टिकल्याचं आठवत नाही.

दगड जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका आणि झाडाच्या उपयोगाचे बहुतेक क्षार धुऊन नेले, मागे उरली ती लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. म्हणून तो आतून तांबडा. फ्रान्सिस बुकाननने मलबारात लोक हा दगड विटांसारखा कापून काढताना पाहिले आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट म्हटलं. आमच्याकडे त्या विटेला चिरा म्हणतात, आणि आमचं घर, गडगे, विहिरीचा कठडा, देवळाची पायरी सगळं चिऱ्याचंच आहे. घर बांधायला इतका भला दगड झाडाला मात्र महाकंजूस. त्यातलं लोखंड आणि ॲल्युमिनियम फॉस्फरसला असं धरून बसतात, की तो असून नसल्यासारखा. सावकाराच्या पेटीत गहाण पडलेले दागिने, दिसतात पण अंगावर घालता येत नाहीत.

त्यात पाऊस. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस, तीन हजार मिलिमीटरच्या पुढेमागे, चार महिन्यांत कोसळतो. उरलेसुरले क्षार त्याच्याबरोबर घाटी उतरून आमच्या भाताच्या मळ्यात येतात, म्हणजे आम्ही खाली बसून सड्याचंच खातो. वर काय उरतं? बोटाच्या पेराएवढी माती, तीही खळग्याखळग्यात. जुलैत तिथे दलदल. ऑगस्टात आठवडाभर उघडीप पडली की तीच जागा दोन दिवसांत पापडासारखी कडकडीत. मुळांनी कशाची तयारी ठेवायची, बुडायची की वाळायची?

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की आजी मला घेऊन फोडशीला सड्यावर निघायची. हातात फडकं, कमरेला विळा. कातळाच्या भेगांतून गवतासारखी, पण जरा मऊ नि रुंद हिरवी पात वर आलेली असायची. आजी पात खुडायची आणि कांद्याला हात लावू द्यायची नाही. मी एकदा उत्साहाने मुळासकट उपटली, तेव्हा म्हणाली, “अगो बायो, मूळच काढलंस तर पुढल्या वर्षी काय कातळ शिजवशील?” घरी येऊन ती पात चार पाण्यांतून धुवायची, कारण जांभ्याची बारीक खर दाताखाली आली की भाजीची मजा जाते. मग कांदा, भिजवलेली चण्याची डाळ, वरून खोबरं. वर्षातून पाच-सहा वेळाच ही भाजी व्हायची. पात जून झाली की संपलं.

फोडशी, दीपकाडी, आभाळी ही सगळी जमिनीखाली गाठोडं बांधून राहणारी मंडळी. आम्ही मे महिन्यात आगोटीची तयारी करतो, सुकी मासळी, सांडगे, आमसुलं, लाकूडफाटा. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी उन्हात. ही झाडं नेमकी उलटं करतात, उन्हाच्या आठ महिन्यांची बेगमी पावसात. चार महिने मिळेल तेवढा उजेड खायचा, साखर-पीठ कांद्यात नाहीतर गाठीत उतरवायचं आणि ऑक्टोबरात पात टाकून देऊन दगडाखाली दडी मारायची. मे महिन्यात ज्या कातळावर आमचे पाय भाजायचे, त्याच्याच भेगेत चार बोटं खाली हे कांदे झोपलेले असायचे.

त्यातली दीपकाडी माझी विशेष लाडकी. जून संपता संपता बारीक दांड्यावर लांब नळीची पांढरी फुलं लागतात. दुपारी ती दिसतातही न दिसल्यासारखी, पण संध्याकाळी आभाळ उतरून आलं की सड्यावर कुणीतरी वाती लावून ठेवल्यासारखं होतं. तिच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी ‘कोंकणेन्से’ आहे. सड्यावरच्या एका ठेंगण्या गवताच्या नावात तर ‘रत्नागिरिका’च आहे. तलाठ्याच्या दप्तरात ज्याला नाव नाही, फक्त क्षेत्र आहे, त्याच्या गवताला जगाच्या दप्तरात जिल्ह्याचं नाव लागलंय, याची मला उगाच ऐट वाटते.

सगळ्यांकडे कांदा नसतो. काही जण साठवत नाहीत, सरळ वाळून जातात, आणि वाळून मरत नाहीत. कातळ काळा का दिसतो याचं अर्धं उत्तर इथे आहे. त्या काळेपणात दगडावर पापुद्र्यासारख्या चिकटून बसलेल्या सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे उन्हावर जगणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंचा, मोठा वाटा असतो. आठ महिने ते निपचित, पाऊस लागला की कामाला. त्यांच्यातले कित्येक हवेतला नायट्रोजन धरून देतात, म्हणजे या दरिद्री घरातली पहिली कमाई तीच. काही नेचे, शेवाळं आणि ट्रायपोगॉन नावाचं एक बुटकं गवतही असंच. पेशींतलं बहुतेक पाणी जातं, पान दोरीसारखं वळून करडं पडतं आणि पाऊस आला की काही तासांत पुन्हा हिरवं. आपलं भात असं एकदा वाळलं की त्याचा पेंढाच. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल भाजून घालतो, तेही याच जातकुळीतलं, बुरशी आणि शैवाल यांचं भागीदारीतलं वाळकं बिऱ्हाड.

आणि मग भाद्रपदाच्या सुमाराला सडा निळा होतो.

सगळा नाही. जिथे पाणी अगदी पातळ, पत्र्यावरून ओघळावं तसं सतत वाहत असतं, तिथे निळ्या-जांभळ्या फुलांची चादर पसरते. प्रत्येक फूल नखाएवढं. सीतेची आसवं. वनवासात सीता रडली, तिची आसवं जिथे पडली तिथे ही फुलं आली असं आजी सांगायची, आणि मी त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून उड्या मारत चालायची. ही आसवं मांसाहारी आहेत हे मला कॉलेजात कळलं. आजी तेव्हा होती. तिला सांगितलं तर ती जराही दचकली नाही. “उपाशी माणूस काय नाय खात,” म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

सीतेच्या आसवांना मुळं नसतात. मुळांच्या जागी चिखलात पसरलेले केसासारखे धागे असतात आणि त्यांना मोहरीहूनही बारीक फुगे लटकलेले असतात. प्रत्येक फुगा आतलं पाणी बाहेर उपसून स्वतःला चेपून घेतो आणि तोंडाशी पडदा लावून बसतो. सगळं दडपण त्या पडद्यावर. पाण्यातला एखादा डोळ्यांना न दिसणारा जीव पडद्यापाशी असलेल्या केसांना लागला, की पडदा आत वळतो, फुगा फुगतो आणि पाणी जीवासकट आत खेचलं जातं. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आसपास. डोळ्याची पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. मग पडदा बंद, पाचक रस, आणि फुगा पुन्हा पाणी उपसायला मोकळा. वर निळी फुलं वाऱ्यावर डुलताहेत, खाली हजारो उंदीरसापळे खटाखट चाललेत, आणि आपण मध्ये उभे राहून फोटो काढतो.

त्यांच्या शेजारी गवती दवबिंदू. त्याचा सापळा निदान उघड्यावर असतो. पानावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दुपारी बारा वाजता सगळ्या गवतावरचं दव उडालेलं असतं, याच्यावरचं तेवढं चमकत असतं, त्यावरूनच ओळखायचा. बारीक माशी बसली की अडकते, धडपडते तशी आणखी केसांना लागते, आणि पान हळूहळू तिच्याभोवती वळतं. चार्ल्स डार्विन 1860 साली या कुळाच्या इतका नादी लागला होता, की जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा मला सध्या दवबिंदूची जास्त काळजी आहे, अशा अर्थाचं त्याने एका मित्राला कळवलं होतं. उगमावरचं त्याचं पुस्तक येऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं.

एक गैरसमज इथेच निस्तरते, कारण मलाही तो पुष्कळ वर्षं होता. ही झाडं पोट भरायला किडे खात नाहीत. पोट भरायला त्यांना ऊन आहे, पानं हिरवी आहेत, साखर ती घरीच करतात. किडा लागतो तो नायट्रोजन आणि फॉस्फरससाठी, म्हणजे जे सावकाराच्या पेटीत आहे त्यासाठी. भात-भाकरी घरची, मीठ-मिरचीपुरती शिकार.

हे मला पुस्तकाने नाही, एका गुन्ह्याने शिकवलं. लग्नानंतर पुण्यात आले, त्या वर्षी गणपतीला गावी गेले असताना चमच्याने खणून एक दवबिंदू उचलला आणि दह्याच्या डब्यातून बाल्कनीत आणला. गरीब घरचं पोर शहरात आणलंय, तर त्याला नीट खायला घालावं अशी माझी मायाळू समजूत. छान काळी माती घेतली, मूठभर गांडूळखत, वर सोसायटीच्या बोअरचं जड पाणी. तिसऱ्या दिवशी थेंब नाहीसे झाले. आठवड्यात पानं काळी पडली. त्याच कुंडीत आंबुशी मात्र अशी फोफावली, की तिच्या खाली तो कुठे गेला तेही दिसेना. ज्याला जन्मभर क्षार मिळाले नाहीत, त्याच्या अंगात ते झेलायची ताकदही नव्हती. मी त्याला माया करून मारलं. रानातली अशी रोपं उपटून आणू नयेत हे तर आहेच, पण मी पुण्याऐवजी आमच्याच परसात, शेणखताच्या वाफ्यात लावला असता तरी तो मेलाच असता.

पुढे सड्यावर गेले तेव्हा हाच प्रकार तिथे उघड्यावर मांडलेला दिसला. गुरं वर चरायला जातात. जिथे शेणाचा पो पडलेला असतो, तिथे हातभर गवत माजतं, काळंभोर हिरवं. त्याच्या घेरात सीतेची आसवं नाहीत, दवबिंदू नाही, गेंद नावाच्या बुटक्या झाडाची बटणासारखी पांढरी फुलंही नाहीत. घेराबाहेर बोटभर उंचीची सगळी पंगत बसलेली. शेण धुऊन गेलं, एक-दोन पावसाळे झाले, की ती पुन्हा आत सरकतात. सापळा बाळगणं महागात पडतं हो. पान सापळ्याच्या कामाला लावलं की त्याला ऊन कमी गोळा करता येतं. जिथे जमिनीत खायला आहे तिथे साधं गवत बघता बघता वर जाऊन यांच्या डोक्यावर सावली धरतं, आणि सावलीत यांचं दुकान बंद. हा सगळा थाट जमीन उपाशी असेतोवरच चालतो. म्हणून म्हटलं, की पोटखराबचा माझा लहानपणीचा अर्थ बरोबर होता.

शिकार जमत नाही ते चोरी करतात. सड्यावर संध्याकाळी उमलणारी तुतारी नावाची पांढरी फुलं आहेत, लांब नळीची, सुरेख. ही तुतारी मातीखाली शेजारच्या गवताच्या मुळाला तोंड लावून बसलेली असते. तिच्या कुळातला टारफुला देशावरच्या ज्वारीवाल्यांना चांगला ठाऊक आहे. त्याचं बी धुळीसारखं, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारीच्या मुळातून एक विशिष्ट रसायन पाझरल्याशिवाय डोळा उघडत नाही. गंमत अशी, की ज्वारी ते रसायन जास्त सोडते तेव्हा ती फॉस्फरसला भुकेलेली असते आणि मदतीला मातीतल्या बुरशीला हाक मारत असते. हाक मदतनिसाला, ऐकतो चोर. अशा गोष्टी वाचल्या की मला आमच्या भावकीची आठवण येते, पण तो विषय इथे नको.

मुक्काम झाला, जेवण झालं, आता पोरंबाळं. सड्यावर बी टाकणं सोपं नाही. उघड्या कातळावर पडलेलं बी पहिल्याच सरीत वाहून जाणार, नाहीतर उन्हात भाजणार. सीतेच्या आसवांचं, गेंदाचं बी इतकं बारीक असतं, की ते पाण्याच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत जातं आणि पाणी जिथे अडतं तिथेच थांबतं. म्हणजे पुढल्या वर्षी जिथे पाणी साचणार तिथेच. तेरड्याची बोंडं टिचकी लागताच फुटतात आणि बी उडवतात. शाळेतून येताना ती फोडत यायचो. रुईची म्हातारी गावातून वाऱ्यावर सड्यापर्यंत यायची, आणि ती पकडून फुंकर मारली की इच्छा पुरी होते म्हणत आम्ही तिच्याच प्रसाराला हातभार लावायचो.

पण खरा कसबी म्हणजे कुसळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सड्यावरून आलं की परकराच्या घेराला आणि भावाच्या मोज्यांना शेकडो कुसळं. प्रत्येकाला पुढे सुईसारखं टोक, टोकामागे उलटे केस आणि मागे लांब, पीळ घातलेली काळपट शेपटी. सुकली की शेपटी पिळली जाते, ओली झाली की उलगडते. रात्रीचं दव, सकाळचं ऊन, पुन्हा दव. प्रत्येक फेऱ्याला बी गिरमिटासारखं थोडं पुढे जातं, आणि उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. मातीत, भेगेत, मेंढीच्या कातड्यात, कशातही. झाड तोवर वाळलेलं, बी झोपलेलं, नुसत्या वाळक्या काडीची ही कारागिरी. आजी ओसरीवर बसून एकेक कुसळ उपटून खळ्याबाहेर फेकायची आणि आम्हाला शिव्या द्यायची. एकदा मी एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकला. ते हळूच वळून गोल फिरायला लागलं. आजी शिव्या विसरून बघत बसली. दुसरा थेंब तिनेच टाकला.

आता कलमांचं सांगायला हवं, नाहीतर हे सगळं लबाडीचं होईल. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातल्या कातळावर सुरुंग वाजू लागले. आमच्या काकांनीही निम्मा सडा फोडला. दगडात खड्डे काढायचे, खालून ट्रकने माती आणून भरायची, शेणखत घालायचं, त्यात हापूसचं कलम. पहिली काही वर्षं मे महिन्यात बायकांनी डोक्यावरून पाणी वाहिलं. माझी आई आणि काकू दोघींचे मणके त्यात गेले. पुढे आंबा धरला. कातळावरचा हापूस चवीला सरस म्हणतात, भावही बरा मिळतो. माझी इंजिनीअरिंगची फी त्या आंब्यातून गेली. तेव्हा सडा वाचवा असं मी गावात जाऊन कुठल्या तोंडाने बोलू? ज्यांनी दगडातून झाडं काढली त्यांना मी सांगायचं, की तुम्ही जमीन सुधारली हीच चूक झाली?

बाग आणि उरलेला सडा यांच्यामध्ये चिऱ्यांचा गडगा आहे. गेल्या गणपतीत त्यावर बसले होते. एका बाजूला कलमांखाली कमरेएवढं गवत, घाणेरी, रानमोडी, सगळं सुखवस्तू. दुसऱ्या बाजूला निळं पाणी. मध्ये हातभर रुंदीचा दगड. खतपाणी गडग्यातून झिरपतं, तेव्हा सड्याच्या बाजूलाही दोन-चार हात निळं नव्हतंच.

चुलतभाऊ शेजारी येऊन बसला. उरलेल्या सड्यावर चिरेखाण काढायची म्हणून एक जण विचारतोय. बागेला आता मजूर मिळत नाहीत, हवामानाने मोहोर टिकत नाही, हप्ते थांबत नाहीत. त्याचं सगळं खरं होतं. “ताई, तुझी सही लागेल,” म्हणाला. “तसंही पोटखराबच आहे.” मी त्याला खाली वाकून फुगे दाखवायचा प्रयत्न केला. चिखलातून एक धागा काढून तळहातावर ठेवला. त्याने चष्मा वर करून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. “हे आपल्याकडे आहे?” एवढंच म्हणाला. मग पाऊस आला आणि आम्ही पळत खाली उतरलो. कागद माझ्या बॅगेत होता, तो तसाच पुण्याला आला. भावाने अजून फोन केलेला नाही, मीही नाही.

निघायच्या दिवशी वहिनी मागल्या दारच्या पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकत होती. पायऱ्या चिऱ्याच्या, आमच्याच सड्यावरून काढलेल्या, आजोबांच्या वेळच्या. पावसाळ्यात त्यांच्यावर बुळबुळीत हिरवं चढतं. आजीही तिथेच पडून खुब्यात मोडली होती. वहिनी म्हणत होती, की पंधरा दिवसांपूर्वीच सगळं खरवडून काढलं होतं, बघा पुन्हा कसं आलंय. खालच्या पायरीच्या सांध्यात शेवाळाबरोबर एक गेंदही आला होता, पांढऱ्या बटणासकट. पावडरीचं पाकीट संपत आलं होतं. बाजारात जाणार असाल तर दोन आणा, म्हणाली.